आधी कागद, मग पत्रा : परराज्यातली जुनी जीप खानदेशात आणून बांधताना

खानदेशाला दोन राज्यांच्या हद्दी लागतात आणि जुन्या जीपचा बाजार हद्द मानत नाही. सेंधव्याची जीप शिरपुरात येते, बऱ्हाणपूरची रावेरात, सोनगड-व्याऱ्याची नवापुरात. गाडी दोन तासांत येते. तिचा कागद यायला कधी दोन महिने लागतात, कधी दोन वर्षं, आणि कधी तो येतच नाही. मग गॅरेजात दोन-अडीच लाख ओतून उभी केलेली देखणी जीप शेताच्या बांधापलीकडे जाऊ शकत नाही.

हे सगळं टाळता येतं. अट एकच, सुरुवात वेल्डिंगपासून न करता आरसीपासून (नोंदणी प्रमाणपत्रापासून) करायची. आपल्याकडे जुन्या गाडीचा सौदा होताना पहिला प्रश्न असतो, ‘कागद शे का भो?’ (कागद आहे का भाऊ?) आणि ‘शे’ म्हटलं की विषय संपतो. खरं तर तिथून तो सुरू व्हायला हवा. कोणता कागद, कोणाच्या नावावर, कोणत्या आरटीओचा, आणि त्यावरचा नंबर चेसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, आहे का?

अमेरिकेतला हॉट रॉड आणि आपली जीप

गाड्या बांधणारी आपली पोरं अमेरिकेतल्या हॉट रॉडचे, म्हणजे बदल करून बांधलेल्या जुन्या गाड्यांचे, व्हिडिओ बघतात. १९३२ची फोर्ड, तिच्यात नवं व्ही-एट इंजिन, कापून खाली घेतलेलं छप्पर. तिथे हे कायदेशीर कसं होतं, हे समजून घेतलं की आपल्याकडे ते का होत नाही हेही कळतं.

तिथे मालकीचा कागद आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकीच्या कागदाला टायटल म्हणतात आणि प्रत्येक राज्याचे नियम निराळे असतात. सुट्या भागांतून गाडी बांधली तर भागांची बिलं दाखवायची, तपासणी करून घ्यायची, आणि राज्य स्वतःचा नवा चेसिस नंबर देतं. कॅलिफोर्नियात अशा खास बांधलेल्या गाड्यांना धुराच्या नियमांत सवलत देणारी योजना आहे, पण वर्षाला फक्त ५०० गाड्यांसाठी, आणि आधी येईल त्याला आधी. कागद हरवलेल्या गाडीसाठी टेक्साससारख्या राज्यात गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचा हमी-बाँड देऊन टायटल मिळवता येतं.

यातलं काहीही भारतात नाही. स्वतः बांधलेल्या एकुलत्या एका गाडीसाठी आपल्या कायद्यात वेगळा वर्ग नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२६ प्रमाणे गाडी बनवणाऱ्याने तिचा नमुना पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई यांसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून पास करून घ्यायचा असतो. ही वाट कंपन्यांसाठी आहे, गॅरेजसाठी नाही. हमी-बाँडवर कागद मिळण्याचीही सोय नाही. म्हणून इथे नवी गाडी ‘जन्माला’ घालता येत नाही, जिवंत आरसी असलेली जुनी गाडी दुरुस्त करून उभी करता येते. बिनकागदाच्या चेसिसची किंमत भंगाराच्या काट्यावर ठरते, मग ती कितीही सुबक असो.

कलम ५२ नेमकं काय म्हणतं

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर नोंदलेला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच पक्कं केलं. २०१९च्या दुरुस्तीने कलम १८२-ए आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. रुंद टायर, बदललेलं इंजिन आणि कापलेली चेसिस हे तीन बदल धरले जातात.

आता आरसी हातात घ्या आणि तिचे रकाने वाचा : गाडीचा वर्ग, उत्पादक, बॉडीचा प्रकार, उत्पादनाचा महिना-वर्ष, सिलिंडर, चेसिस नंबर, इंजिन नंबर, घनक्षमता, व्हीलबेस, आसनसंख्या, रिकाम्या गाडीचं वजन, रंग, इंधन. मोटार वाहन निरीक्षक गाडीसमोर उभा राहून याच रकान्यांशी ती ताडून बघतो. बांधणीचा आराखडाही याच रकान्यांवरून करावा. जे रकान्यात येत नाही आणि सुरक्षेला धक्का लावत नाही, ते मोकळ्या मनाने करा : सीटची गादी, डॅशबोर्ड, वायरिंग, नवा हूड, पत्र्याची दुरुस्ती, ब्रेकची पूर्ण दुरुस्ती. रंग बदलता येतो, पण आरसीवर चढवून घ्यावा लागतो. समोर सर्च लाइट लावायला नियम १११ आडवा येतो. गाडीपुढच्या लोखंडी बुल बारवर केंद्राने २०१७ सालीच बोट ठेवलं आहे, कारण धडकेत ते समोरच्या पादचाऱ्यालाही मारतात आणि आतल्यांनाही.

इंजिनाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण निम्म्या गाड्या तिथेच अडकतात. जुन्या महिंद्राचं डिझेल इंजिन गेलं की मेस्त्री सहज म्हणतो, टोयोटाचं टाकू, कमी खर्चात दुप्पट ताकद. गाडी पळतेही छान. पण घनक्षमता वेगळी, उत्पादक वेगळा, इंजिन नंबर आरसीवर नाही. अशी गाडी कोणताही निरीक्षक पास करणार नाही आणि त्यात त्याची चूक नाही. त्या चेसिसचे ब्रेक आणि स्टिअरिंग त्या ताकदीसाठी बनलेलेच नाहीत. चालणारी वाट अशी : त्याच मॉडेलचं, त्याच इंधनाचं इंजिन शोधा, त्याचं जीएसटी बिल घ्या. ते मोडीत काढलेल्या गाडीचं असेल तर त्या गाडीची आरसी रद्द झाल्याचा कागद घ्या. इंजिन बसवण्यापूर्वी आरटीओत अर्ज करून परवानगी घ्या, बसवल्यावर गाडी दाखवून नवा नंबर आरसीवर चढवून घ्या. आधी बसवून मग अर्ज केला तर तुम्ही स्वतःच बेकायदा बदलाची लेखी कबुली दिलेली असते. इंधन बदलायचं असेल तर त्या मॉडेलसाठी मान्यता मिळालेलं सीएनजी, एलपीजी किंवा विजेचं किटच चालतं.

घ्यायच्या आधी काय बघायचं

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेताना आधी दात बघतात. जीपचे दात म्हणजे चेसिस नंबर.

तो फ्रेमच्या लांब रेलवर, बहुतेक वेळा पुढच्या चाकाच्या आसपास असतो आणि चाळीस वर्षांच्या चिखला-ग्रीसखाली दडलेला असतो. रॉकेलात भिजवलेला बोळा आणि पितळी तारेचा ब्रश घ्या. ग्राइंडर किंवा सँडर मुळीच लावू नका. नंबर दिसला की त्याच्या भोवती बोट फिरवा. चौकोनी वेल्डिंगची रेघ लागली तर तो तुकडा दुसऱ्या गाडीचा कापून बसवलेला आहे. पृष्ठभाग आजूबाजूपेक्षा खोलगट किंवा गुळगुळीत असेल तर तिथला मूळ नंबर घासलेला आहे. अक्षरं वेगवेगळ्या उंचीची किंवा दुहेरी उमटलेली असतील तर नंबर हाताने पाडलेला आहे. अशी गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायन लावून घासलेला नंबर वर आणता येतो, आणि तो चोरीच्या गाडीचा निघाला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

मग टेप काढा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा आणि आरसीवरच्या व्हीलबेसशी ताडा. जुन्या महिंद्रा सीजे-३बी जीपचा व्हीलबेस ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. कागद महिंद्राच्या लांब कमांडरचा आणि गाडी आखूड, असा प्रकार वारंवार दिसतो. लांब फ्रेम मधोमध कापून जोडलेली असते. रेलच्या आतल्या बाजूने हात फिरवला की आडवा जोड किंवा वरून मारलेली पट्टी लागते. ही गाडी कागदावर कधीच जुळणार नाही, आणि महामार्गावर भरधाव असताना फ्रेम त्याच जोडावर तुटू शकते. फ्रेमचे दोन्ही कर्णही मोजा. फरक बोटभर असला तरी फ्रेम वाकलेली आहे.

पंजाब-हरियाणाच्या हद्दीवरच्या मंडी डबवालीत जीप नव्याने बांधून देण्याचा मोठा धंदा आहे आणि तिथलं कारागिरीचं काम सुरेख असतं. पण नवीकोरी दिसणारी जीप आणि तिच्यासोबत १९८०च्या दशकातली आरसी, हा मेळ नीट तपासा. बॉडी नवी असायला हरकत नाही, पण चेसिस त्या आरसीचीच असायला हवी. चेसिस नंबरचा ट्रेस (कागद ठेवून पेन्सिलने घासून काढलेला ठसा) आणि फोटो मागवा, आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा, त्यानंतरच पैसे पाठवा.

धातू तपासून झाला की माणसं तपासायची. आरसीवर नाव कोणाचं आहे? विकणाऱ्याचंच असेल तर बरं. पण जुन्या जीप चार-चार हात फिरलेल्या असतात आणि प्रत्येकाने सह्या केलेले नावबदलाचे कोरे फॉर्म २९ आणि ३० पुढे सरकवलेले असतात. आता या कोऱ्या सह्यांचा उपयोग फारसा उरलेला नाही. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज भरताना ओटीपी नोंदलेल्या मालकाच्या मोबाइलवर जातो. तो मालक सापडत नसेल, फोन उचलत नसेल, तर तिथेच काम थांबतं. सौदा करताना त्याला समोर बसवा आणि त्याचा चालू नंबर पोर्टलवर आहे ना, ते त्याच्याकडूनच तपासून घ्या.

मालक वारला असेल तर सातबाऱ्यावर जशी आधी वारसनोंद लागते तशीच इथेही लागते. फॉर्म ३१ भरून गाडी आधी वारसाच्या नावावर, तीही मूळ आरटीओत, आणि मग विक्री. मुलगा म्हणेल, ‘दादांच्या सह्यांचे फॉर्म आहेत ना.’ मृत्यूनंतरच्या तारखेला वापरलेली सही म्हणजे बनावट कागद. इतर वारसांची संमती घेतल्याशिवाय एकाही भावाशी व्यवहार करू नका.

कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि वित्तसंस्थेचं पत्र लागतं. तीस वर्षांपूर्वी कर्ज देणारी पतसंस्था आज बंद असते. ती अवसायनात गेली असेल तर सहकार खात्याने नेमलेला अवसायक हे पत्र देऊ शकतो. वेळ लागतो, पण ही वाट खरी आहे. ‘बोजा जुना आहे, आपोआप उतरतो’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तोरणमाळ, धडगावच्या घाटांत धावलेल्या काळ्या-पिवळ्या कमांडर आणि मार्शल आता स्वस्तात निघतात, मध्य प्रदेशातूनही येतात. त्यांची नोंद मोटार कॅब किंवा मॅक्सी कॅब अशी असते. खासगी करण्यासाठी परमिट परत करावं लागतं, थकलेला कर भरावा लागतो आणि वर्ग बदलून घ्यावा लागतो. हे काम मूळ राज्यातच करून घ्या, आणि तेही विकणाऱ्याच्या खर्चाने. वर्ग न बदलता गाडी हद्द ओलांडून आली तर एकाच फाइलमध्ये दोन राज्यांचे कर आणि दोन प्रकारचे अर्ज गुंततात.

लिलावातल्या सरकारी जीपबद्दल जुनी माहिती डोक्यातून काढून टाका. १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या मान्यताप्राप्त मोडीत केंद्रातच जायच्या असतात. लष्कराच्या कामकाजी खास गाड्या त्यातून वगळल्या आहेत. पूर्वी लष्कराने विकलेली जीप फॉर्म २१मधल्या विक्री दाखल्यावर नोंदवता येत असे. ज्यांनी तेव्हा नोंदवली त्यांची आरसी आजही चांगली आहे. पण कधीच न नोंदवलेली जुनी जीप आज नव्याने नोंदवण्याचा विचार सोडा. १ एप्रिल २०२०पासून पहिल्या नोंदणीला बीएस-६ हा धुराचा निकष पाळावा लागतो.

जुना तीन अक्षरी नंबर

१९८९पूर्वीच्या गाड्यांवर तीन अक्षरं आणि चार आकडे अशी पाटी असते. अशा बऱ्याच गाड्या ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत चढलेल्याच नाहीत. एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाका. काहीच दिसलं नाही तर मूळ आरटीओने जुन्या रजिस्टरवरून तिची बॅकलॉग नोंद करायला हवी. ते झाल्याशिवाय ऑनलाइन एनओसी (गाडी दुसऱ्या आरटीओकडे नेण्याचा ना-हरकत दाखला) निघत नाही. जिल्हे फुटले, कार्यालयं बदलली, रजिस्टर या तालुक्यातून त्या तालुक्यात गेलं, त्यामुळे ते कोणत्या कपाटात आहे हे शोधायलाच चार खेपा होतात. म्हणून बॅकलॉग झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. निम्मे आता, निम्मे नोंद दिसल्यावर.

नोंद झाली की लगेच वाचा. शून्याच्या जागी ओ, एकच्या जागी आय, आठच्या जागी बी, अशा चुका सर्रास होतात. चूक मूळ आरटीओच सुधारू शकतं. ती इथे जळगावात तपासणीच्या दिवशी सापडली तर फाइल परत पाठवली जाते.

ॲपमध्ये नोंद दिसली तरी स्थितीचा रकाना बघा. ‘रद्द’ असेल तर ती आरसी पुन्हा जिवंत होत नाही. ‘एनओसी दिली’ असेल तर आधी कोणीतरी दुसऱ्या आरटीओच्या नावे एनओसी काढून ठेवली आहे, ती रद्द करून घ्यावी लागेल. काळ्या यादीत असेल तर चलन, कर किंवा पोलिसांचा शेरा, यातलं काय आहे ते विचारा.

एनओसी आणि तीन वेगवेगळी घड्याळं

‘बाहेरची गाडी वर्षभर चालते’ हे अर्धवट वाक्य खानदेशात घराघरात ऐकू येतं. कलम ४६ प्रमाणे एका राज्यातली नोंदणी देशभर ग्राह्य असते, आणि कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर नवा नंबर घ्यावा लागतो. पण हे मालक तोच असताना. गाडी विकत घेतली की कलम ५० लागू होतं : विकणाऱ्याने राज्याबाहेरच्या विक्रीत ४५ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या हद्दीतल्या आरटीओला कळवायचं. म्हणजे बऱ्हाणपूरची जीप घेऊन ‘बघू वर्षभराने’ म्हणणारा महिन्याभरातच उशिरात गेलेला असतो.

एनओसी फॉर्म २८वर मिळते. सोबत मूळ आरसी, विमा, पीयूसी, कर भरल्याचा पुरावा, चेसिस नंबरचा पेन्सिल ट्रेस, बोजा असल्यास वित्तसंस्थेची संमती. गाडी चोरीची नसल्याचा एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) दाखला ऑनलाइन निघतो, तोही जोडा. अर्ज दिल्याची पोच सांभाळा. कलम ४८ प्रमाणे ३० दिवसांत नकार कळवला नाही तर एनओसी दिली असं मानलं जातं, आणि तो दावा फक्त पोच हातात असणाऱ्यालाच करता येतो. तरीही प्रत्यक्षात संगणकावर एनओसी दिसल्याशिवाय इथली खिडकी पुढे सरकत नाही, म्हणून पोच घेऊन मूळ कार्यालयाच्या मागे लागत राहायचं.

एनओसीवर कोणत्या आरटीओकडे गाडी जाणार ते लिहिलेलं असतं. जळगाव एमएच १९, धुळे एमएच १८, नंदुरबार एमएच ३९, आणि चाळीसगावला आता स्वतंत्र एमएच ५२ आहे. चाळीसगावकडचे लोक सवयीने अजून जळगाव लिहून आणतात. अर्ज भरण्याआधी आपल्या तालुक्याचं कार्यालय नक्की करा. चुकीच्या कार्यालयाच्या नावाची एनओसी म्हणजे परत मूळ राज्यात जाऊन ती रद्द करणं आणि नवी काढणं. एनओसी काढून कपाटातही ठेवू नका. ती निघाली की आठवड्याभरात इथली फाइल तयार हवी.

पंधरा वर्षं उलटलेली गाडी असेल तर नोंदणीची मुदत आधी बघा. मुदत संपलेली असेल तर नूतनीकरण विकणाऱ्याकडूनच करून घ्या. फॉर्म २५ लागतो, नूतनीकरण पाच वर्षांचं असतं, उशीर झाला तर चारचाकीला महिन्याला ५०० रुपये जादा लागतात. दहा वर्षं बंद पडलेल्या जीपला एवढ्याने साठ हजार होतात. वीस वर्षांवरच्या हलक्या गाडीचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५पासून १०,००० रुपये झालं आहे. त्यावर पर्यावरण कर वेगळा. हे सगळं सौद्याच्या किमतीतून वजा करा.

गाडी आणताना अर्धवट उघडलेली जीप पळासनेरच्या बाजूने रस्त्यावर चालवत आणू नका. ती ट्रकवर चढवून आणा, बिल्टी (मालवाहतुकीची पावती) करा. बिल्टीवरची तारीख पुढे कामाला येते, कारण गाडी महाराष्ट्रात कधी आली हा प्रश्न कराच्या वेळी विचारला जातो.

इथली फाइल आणि तपासणी

इथे नवा नंबर घेण्यासाठी फॉर्म २७, नावावर करण्यासाठी २९ आणि ३०. दोन्ही कामं एकत्र करता येतात, वेगळी करण्यात फायदा नाही. सोबत एनओसी, मूळ आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा तो नसल्याचं घोषणापत्र, ट्रेस. मूळ खरेदीचं बिल सापडलं तर जरूर जोडा. खासगी पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात एकरकमी कर किमतीनुसार ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५ टक्के, आणि बाहेरून आलेल्या गाडीला वयाप्रमाणे त्यातून घट मिळते. मूळ राज्यातून कराचा परतावा मिळतो हे खरं, पण तो कराच्या उरलेल्या काळाचा. तीस वर्षांच्या जीपचं तिथे काहीच शिल्लक नसतं, तेव्हा त्यासाठी इंदूरच्या खेपा वाया घालवू नका.

माझा ठाम आग्रह आहे की गाडी इथल्या नावावर होईपर्यंत तिला मूळ रूपातच ठेवा. चालती करा, ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर, आरसे ठीक करा, आरसीवरचाच रंग ठेवा, आणि पास करून घ्या. मोठं काम त्यानंतर काढा. अर्धी सोललेली गाडी तपासणीला नेली की प्रत्येक रकान्यावर शंका येते.

नंबर आणि रंगकाम

ट्रेस गाडी घेतल्याच्या दिवशीच काढा, रंगाच्या आधी. पातळ बटर पेपर चारही बाजूंनी चिकटपट्टीने ताणून बसवा, २बी किंवा ४बी पेन्सिल आडवी धरून एकाच दिशेने फिरवा. सहा ट्रेस काढा, प्रत्येकावर पारदर्शक पट्टी लावा म्हणजे पुसत नाहीत. फ्रेम सँडब्लास्टला देताना नंबराच्या जागेवर जाड टेपचे चार थर मारा आणि कारागिराला स्वतः दाखवा. वाळूचा झोत दहा सेकंद बसला तरी उथळ अक्षरं जातात. पावडर कोटिंग फ्रेमवर छान बसतं, पण त्याचा जाड थर अक्षरांत भरतो. नंबरापुरती जागा मोकळी सोडून तिथे पातळ प्राइमर आणि वरून ग्रीस पुरेसं आहे.

गंजाने नंबर खाल्लाच असेल तर स्वतः पंच हातात घेऊ नका. आरटीओकडे अर्ज करा, जुने ट्रेस आणि आरसी जोडा, परवानगीचा आदेश मिळाल्यावर त्यांच्या देखरेखीत नंबर पुन्हा पाडला जातो. आदेशाची प्रत गाडीच्या फाइलमध्ये कायमची ठेवा, पुढच्या मालकाला ती लागेल.

पन्नास वर्षांवरची असेल तर

१५ जुलै २०२१च्या अधिसूचनेने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी वाट काढली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. पण ती रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. जुनी विलीज जीप मूळ रूपात जपायची असेल तर ही वाट उत्तम. तिच्यात दुसरं इंजिन टाकलं की हा दरवाजा बंद होतो. डाव्या स्टिअरिंगची जीप असेल तर कलम १२० प्रमाणे चालू स्थितीतला सिग्नल देणारा यांत्रिक किंवा विजेचा दर्शक असलाच पाहिजे.

नवा नंबर मिळाल्यावर

नवा नंबर आला की एचएसआरपी ही सरकारमान्य सुरक्षा-पाटी लावा, जुन्या नंबराचा फास्टॅग बंद करून नवा घ्या, आणि विमा कंपनीकडून पॉलिसीवर नवा नंबर व नवं नाव चढवून घ्या. हे शेवटचं काम बहुतेक जण पुढच्या नूतनीकरणावर ढकलतात. मधल्या काळात अपघात झाला तर पॉलिसीवर मध्य प्रदेशातला माणूस आणि रस्त्यावर तुमची गाडी, अशी स्थिती होते, आणि स्वतःच्या नुकसानीचा दावा तिथेच अडतो. इंजिन किंवा रंग बदलून आरसीवर चढवला असेल तर त्या आरसीची प्रतही त्याच दिवशी कंपनीला द्या आणि एंडॉर्समेंटचा (पॉलिसीत बदल नोंदल्याचा) कागद हातात पडेपर्यंत जीप अंगणातच उभी ठेवा.